सीएनसी राउटर बांधताय? नॉइजचा बंदोबस्त वायरिंग करतानाच करा

मशीन उभं राहिलं, मोटारी फिरतायत, होमिंग (स्विच गाठून शून्य शोधणं) व्यवस्थित होतंय, आणि पहिल्यांदा स्पिंडल (टूल फिरवणारी मोटार) चालू केला की स्क्रीनवर हार्ड लिमिटचा अलार्म, म्हणजे मशीन कडेच्या लिमिट स्विचला धडकलं अशी बोंब. लिमिट स्विचच्या आसपास कुणी फिरकलेलंही नसतं. स्पिंडल बंद केला की परत सगळं साळसूद. नॉइजशी, म्हणजे वायरींत घुसणाऱ्या नको असलेल्या विजेच्या झटक्यांशी, बहुतेकांची पहिली ओळख अशीच होते, मग कुणी फेराइटची रिंग आणतं, कुणी कॅपॅसिटर डकवतं, कुणी सॉफ्टवेअरमधला डिबाउन्स (सिग्नल किती वेळ टिकला तर खरा मानायचा ती सेटिंग) वाढवत बसतं, आणि हे सगळं वरातीमागून घोडं असतं. वायरिंग करतानाच चार गोष्टी नीट केल्या तर यातलं बरंचसं होतच नाही आणि खर्चही फार नाही, म्हणून पायरीपायरीने लिहितोय.

उदाहरणासाठी लाकूड, एमडीएफ, अ‍ॅक्रिलिक कापणारं साधं राउटर धरू. २.२ किलोवॉटचा वॉटर कूल्ड स्पिंडल, सिंगल फेज २३० व्होल्टवर चालणारा व्हीएफडी (स्पिंडलचा वेग ठरवणारा ड्राइव्ह), तीन-चार स्टेपर मोटारी (पल्समागे ठरावीक कोनात फिरणाऱ्या), त्यांचे डीएम५४२ सारखे ड्राइव्ह, ३६ किंवा ४८ व्होल्टचा एसएमपीएस (डीसी पॉवर सप्लाय), आणि कंट्रोलर म्हणजे आर्डुइनोवर ग्रबल नाहीतर पीसीवर माक ३ (दोन्ही मशीन चालवणारी सॉफ्टवेअर). जुन्या लेथ किंवा मिलिंगचं रेट्रोफिट (त्याला सीएनसी बसवणं) करणार असाल तरी तत्त्व हेच.

आधी एक ताकीद. व्हीएफडीच्या आत सप्लाय डीसी होऊन साधारण ३२५ व्होल्टवर कॅपॅसिटरमध्ये साठलेला असतो आणि मेन स्विच पाडल्यावरही तो काही मिनिटं तसाच असतो. कव्हरवर जेवढी मिनिटं थांबा म्हणून लिहिलंय तेवढी थांबायचं, मीटरने बघायचं, मगच हात घालायचा. २३० व्होल्टच्या बाजूचं काम येत नसेल तर लायसन असलेला वायरमन बोलवा, त्यात कमीपणा नाही.

नॉइज येतो कुठून

हे पाच मिनिटं वाचा, कारण पुढच्या सगळ्या पायऱ्या इथूनच निघतात. व्हीएफडी स्पिंडलला गुळगुळीत एसी देत नाही, तो ३२५ व्होल्ट सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो. ही चालू-बंद व्हायची कड फार तीव्र असते, ०.१ मायक्रोसेकंद वगैरे. आता स्पिंडलची केबल ५ मीटर आहे आणि तिच्या वायरी आणि अर्थ यांच्यात मीटरला १०० पिकोफॅरड कॅपॅसिटन्स आहे असं धरलं, तर हिशेब करून बघा, प्रत्येक कडेला साधारण दीड अँपियरचा झटका इन्सुलेशनमधून आरपार अर्थकडे जातो. वायर कुठे उघडी नाही, शॉर्ट नाही, तरी जातो.

तो झटका जिथून निघाला तिथेच, म्हणजे व्हीएफडीतच परत येणार. प्रश्न एवढाच की कोणत्या वाटेने. तुम्ही त्याला जवळची सोपी वाट करून दिली तर गुपचूप परत येईल, नाही दिली तर तो मशीनची बॉडी, स्टेपरच्या वायरी, लिमिट स्विचची केबल, यूएसबीचं ग्राउंड, जे सापडेल त्यातून वाट काढेल. माझ्या मते नॉइजचं नव्वद टक्के काम म्हणजे ही परतीची वाट ठरवणं, फिल्टर आणि फेराइट वगैरे उरलेल्या दहात येतात.

अजून एक. मीटरवर ०.१ ओम दाखवणारी एक मीटरची हिरवी वायर या कडांना तशी दिसत नाही. सरळ वायरीला मीटरमागे साधारण १ मायक्रोहेन्री इंडक्टन्स असतं, म्हणजे ३ मेगाहर्ट्झला तीच वायर जवळपास १९ ओमची होते. म्हणून "अर्थ जोडलाय ना, बीप येतोय" हे सुरक्षेसाठी ठीक, नॉइजसाठी अर्धवट. नॉइजला आखूड आणि रुंद रस्ता लागतो.

पायरी १: गाळ्याचं अर्थिंग

मशीनची पहिली वायर ओढायच्या आधी बोर्डावर मीटर लावा. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ पण तेवढंच, आणि न्यूट्रल-अर्थ एक-दोन व्होल्ट. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दहा-पंधरा व्होल्ट दिसत असतील, किंवा फेज-अर्थला भलतंच काही येत असेल, तर पुढे जाऊ नका, आधी अर्थ पिटपर्यंतची लाइन तपासा. जुन्या गाळ्यांत सॉकेटची तिसरी पिन मागे कशालाच जोडलेली नाही हे सर्रास सापडतं. एप्रिल-मे मध्ये पिट कोरडा पडला की रेझिस्टन्स चढतो, उन्हाळ्यात पाणी घालत राहायला लागतं, आणि वर्षातून एकदा अर्थ टेस्टर लावून घेतलेला बरा.

"सीएनसीला वेगळं अर्थिंग पाहिजे" हे वाक्य तुम्हाला दहा जण सांगतील. दुसरा पिट जरूर मारा, पण तो गाळ्याच्या मुख्य अर्थला जोडलेला असलाच पाहिजे. मशीन एका अर्थवर आणि पीसी दुसऱ्याच अर्थवर असं ठेवलं तर दोघांमधला व्होल्टेजचा फरक नेमका तुमच्या यूएसबी केबलमधून वाहणार, आणि फॉल्टच्या वेळी ते जिवावरही बेतू शकतं. आणि अर्थ मिळत नाही म्हणून न्यूट्रललाच अर्थ करून टाकणारे महाभाग असतात, त्यांना पॅनलच्या जवळ उभं करू नका.

पायरी २: पॅनल आणि प्लेट

पॅनल घेताना आतली माउंटिंग प्लेट गॅल्व्हनाइज्ड मिळाली तर तीच घ्या. पावडर कोटिंगवाली असेल तर जिथे जिथे व्हीएफडी, ईएमआय फिल्टर (सप्लायच्या लाइनवरचा नॉइज अडवणारा), एसएमपीएस आणि अर्थ बसबार बसणार तिथे ग्राइंडरला फ्लॅप डिस्क लावून रंग चकचकीत पत्र्यापर्यंत काढायचा. स्क्रूच्या डोक्यापुरता नाही, वस्तूच्या पायाखालचा सगळा. खाली दातेरी वॉशर, वर लग क्रिंप केलेली वायर. पेंट तसाच ठेवून बोल्ट आवळला तर आट्यांमधून बीप येतो, पण तो एका आट्याचा संपर्क असतो आणि वरचा दीड अँपियरचा झटका तिथे अडखळतो. घासलेल्या जागी गंज धरू नये म्हणून कडेने थोडं व्हॅसलिन फासलं की झालं.

जागावाटप असं करा: पॅनलच्या एका कडेला एमसीबी, फिल्टर, व्हीएफडी, कॉन्टॅक्टर, मध्ये एसएमपीएस आणि स्टेपर ड्राइव्ह, दुसऱ्या टोकाला कंट्रोलर, ब्रेकआउट बोर्ड (कंट्रोलरच्या पिन टर्मिनलवर काढून देणारा), सेन्सरची टर्मिनल्स. स्पिंडलची केबल व्हीएफडीच्या बाजूनेच पॅनलबाहेर गेली पाहिजे, कंट्रोलरसमोरून मिरवत नाही. वायरिंगचे पीव्हीसी चॅनलही दोन वेगळे, पॉवरचा वेगळा आणि सिग्नलचा वेगळा. छोटं मशीन असेल आणि जागा फारच कमी असेल तर व्हीएफडीला सरळ वेगळा डबा करा, मला तर मोठ्या पॅनलपेक्षा हाच प्रकार जास्त आवडतो.

अर्थचा एक तांब्याचा बसबार प्लेटवर. व्हीएफडी, फिल्टर, प्रत्येक एसएमपीएस, मशीनची फ्रेम, पॅनलचं दार, गँट्री (स्पिंडल घेऊन सरकणारा आडवा सांगाडा), प्रत्येकाची स्वतंत्र वायर त्या बसबारवर. एकावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर अशी माळ ओवायची नाही. दार आणि गँट्रीसाठी चपटी विणलेली तांब्याची पट्टी वापरा. गँट्री रेलवर सरकते म्हणजे ती आपोआप अर्थ झाली असं समजू नका, बेअरिंगमध्ये ग्रीस असतं.

पायरी ३: स्पिंडलची केबल

पैसे वाचवायचे असतील तर दुसरीकडे वाचवा, इथे नको. चार कोअरची, विणलेल्या जाळीची शिल्डेड केबल, २.२ किलोवॉटला १.५ स्क्वेअर एमएम पुरते. तीन कोअर यू, व्ही, डब्ल्यू या व्हीएफडीच्या आउटपुट टर्मिनल्सना आणि चौथा अर्थला.

आता हा चौथा कोअर नीट बघा, कारण इथे गंमत असते. बाजारात येणाऱ्या बऱ्याच स्वस्त स्पिंडलच्या डोक्यावर चार पिनचा गोल कनेक्टर असतो आणि चौथी पिन आत कशालाच जोडलेली नसते. केबल लावायच्या आधी मीटर कंटिन्युइटीवर ठेवा, एक प्रोब चौथ्या पिनला, दुसरा स्पिंडलच्या बॉडीला, पण अ‍ॅनोडाइज केलेल्या भागावर नाही, एखाद्या स्क्रूवर किंवा कोलेटच्या (टूल धरणाऱ्या) नटवर. बीप आला तर छान. नाही आला तर वरची टोपी उघडून चौथ्या पिनपासून बॉडीपर्यंत एक छोटी वायर लगने घट्ट जोडा. हे नॉइजइतकंच शॉकसाठीही महत्त्वाचं आहे, कारण त्या स्पिंडलमधून पाणी फिरतंय आणि टूल बदलताना तुमचा हात त्याच्यावर असतो.

शिल्डची जाळी दोन्ही टोकांना जोडायची. व्हीएफडीच्या बाजूला केबलचं वरचं आवरण दोन-तीन सेंटिमीटर सोलून जाळी उघडी करा आणि धातूच्या क्लँपने चारही बाजूंनी पूर्ण गोल पकडून घासलेल्या प्लेटवर दाबा, शक्य तितकं व्हीएफडीच्या जवळ. जाळी पिळून तिची वेणी करून लांब वायर जोडून टर्मिनलमध्ये खुपसली तर वर म्हटलेलं १९ ओमचं प्रकरण परत येतं. स्पिंडलच्या टोकाला धातूच्या कनेक्टरच्या क्लँपमध्ये जाळी धरायची. असं केलं की झटक्याला परतीची वाट केबलच्याच अंगावर मिळते आणि त्याला तुमच्या लिमिट स्विचकडे बघायची गरज उरत नाही.

केबल मोजून कापा. उरलेली पाच मीटर गुंडाळी करून पॅनलमध्ये कोंबणं म्हणजे आतच अँटेना बसवणं. व्हीएफडीच्या आउटपुटला कॅपॅसिटर लावायचा नाही, मधे कॉन्टॅक्टर किंवा स्विच टाकून चालू स्पिंडल तोडायचा नाही, व्हीएफडी जातो. इनपुटचे आर-एस-टी आणि आउटपुटचे यू-व्ही-डब्ल्यू उलटे जोडले तरी जातो.

इनपुटला ईएमआय फिल्टर लावत असाल तर तो व्हीएफडीच्या जवळ, पत्र्याला पत्रा टेकवून. फिल्टरच्या आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या वायरी एकत्र टाय मारून बांधल्या तर फिल्टर असून नसल्यासारखा, नॉइज त्याच्या अंगावरून उडी मारून पलीकडे जातो. फिल्टर आणि व्हीएफडी थोडा करंट अर्थला सोडतातच, त्यामुळे ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (अर्थकडे करंट गळाला की लाइन तोडणारा ब्रेकर) अधूनमधून पडू शकतो. तो काढून टाकायचा नाही. सिंगल फेज व्हीएफडीसाठी टाइप एफ, थ्री फेज इनपुटसाठी टाइप बी असे आरसीसीबी येतात, वायरमनशी बोलून त्यातला लावा.

फेराइट रिंग घालायचीच असेल तर यू, व्ही, डब्ल्यू तिन्ही एकत्र एकाच रिंगमधून न्या, अर्थ बाहेरून. एकेका वायरीला वेगळी रिंग घातली तर मोटारीचाच करंट तिला सॅच्युरेट करतो, म्हणजे तिचा उपयोग संपतो.

पायरी ४: स्टेपरच्या वायरी

ड्राइव्हपासून मोटारीपर्यंत चार कोअर शिल्डेड, जाळी पॅनलच्या बाजूला अर्थ. स्टेपर ड्राइव्हही चॉपिंग करतात, म्हणजे करंट भराभर चालू-बंद करतात, म्हणजे या केबल पीडित नाहीत, छोट्या गुन्हेगारच आहेत, त्यामुळे लिमिटच्या वायरींपासून यांनाही लांब ठेवा. मोटारीचा कनेक्टर पॉवर चालू असताना कधीच काढायचा नाही.

कंट्रोलर ते ड्राइव्ह हा स्टेप-डायरेक्शनचा सिग्नल (किती पावलं आणि कोणत्या दिशेला हे सांगणारा) आखूड ठेवा. प्रत्येक सिग्नल आणि त्याची परतीची वायर एकमेकांभोवती पिळून न्यायची, कॅट ६ केबलमधल्या जोड्या यासाठी मस्त चालतात. इथे नॉइज शिरला तर अलार्म येत नाही, म्हणून हा प्रकार जास्त बेरकी. १० मिलिमीटर पिचचा बॉल स्क्रू आणि फेऱ्याला १६०० पल्स असतील तर मिलिमीटरला १६० पल्स झाले, एक खोटा पल्स म्हणजे ०.००६ मिलिमीटर, तो कुणाला दिसणार? पण दोन तासांच्या जॉबमध्ये असे काहीशे जमले की शेवटचा पास मिलिमीटरभर सरकलेला असतो आणि माणूस कपलिंगचे स्क्रू आवळत बसतो.

पायरी ५: लिमिट आणि होम स्विच

सगळ्यात जास्त त्रास इथेच. कारण साधं आहे: आर्डुइनो उनोच्या पिनचा आतला पुल-अप (पिनला ५ व्होल्टकडे ओढून ठेवणारा रेझिस्टर) २० ते ५० किलोओमचा असतो, म्हणजे ५ व्होल्टला त्या लांब वायरीत जेमतेम ०.१ ते ०.२५ मिलिअँपियर वाहतो. तीन मीटरची अशी वायर स्पिंडलच्या केबलला चिकटून ड्रॅग चेनमधून (सरकत्या केबल सांभाळणाऱ्या साखळीतून) नेली तर तिच्यावर काहीही उमटेल.

उपाय असा. लिमिटचं सर्किट २४ व्होल्टवर चालवा, त्यासाठी वेगळा छोटा एसएमपीएस, आणि कंट्रोलरच्या आधी ऑप्टोकपलर, म्हणजे मधे वायर न जोडता प्रकाशाने सिग्नल पलीकडे देणारा पार्ट. पीसी८१७ या ऑप्टोला ४.७ किलोओमचा रेझिस्टर लावला की २४ व्होल्टला साधारण ५ मिलिअँपियर वाहतो, आधीच्या वीस ते पन्नास पट. नॉइजला आता निदान एवढा करंट ढकलावा तरी लागेल. तयार ऑप्टो बोर्ड मिळतात, पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला चक्कर मारली तर सुटे पार्टही मिळतील. बोर्ड घेताना एकच बघा, दोन्ही बाजूंचं ग्राउंड आत जोडलेलं नको, नाहीतर ऑप्टो लावून फायदा शून्य.

स्विच नॉर्मली क्लोज्ड (एरवी जोडलेला, दाबला की तुटणारा) जोडा. वायर तुटली, टर्मिनल सैल झालं तर मशीन लगेच थांबतं, आणि एरवी लूप बंद राहून करंट वाहत असल्यामुळे बारीकसारीक झटक्याने तो हलत नाही. प्रॉक्सिमिटी सेन्सर (न टेकता धातू ओळखणारा) घेताना नंबरचं शेपूट वाचा: एलजे१२ मालिकेत बीएक्स म्हणजे एनपीएन (आउटपुट शून्य व्होल्टकडे ओढणारा) नॉर्मली ओपन, एएक्स म्हणजे एनपीएन नॉर्मली क्लोज्ड. दुकानदार बहुतेक वेळा बीएक्सच हातात ठेवतो. ग्रबलमध्ये लिमिट पिन उलटी करायची सेटिंगही बदलायला विसरू नका.

केबल शिल्डेड, जाळी फक्त पॅनलच्या बाजूला अर्थला, सेन्सरच्या टोकाला कापून वर हीट श्रिंक. ड्रॅग चेनमध्ये पार्टिशन टाकून एका कडेला स्पिंडल, दुसऱ्या कडेला सेन्सर, आणि चेनच्या बाहेर दोघांत २०-३० सेंटिमीटर अंतर. एकमेकांना ओलांडायचंच असेल तर काटकोनात.

एवढं करूनही एखादा चुकार अलार्म येत असेल तर कंट्रोलरच्या पिनपाशी ग्राउंडला ०.१ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर. डिबाउन्स सगळ्यात शेवटी. माक ३ मध्ये कर्नल स्पीड २५ किलोहर्ट्झ असेल तर डिबाउन्सचा एक आकडा म्हणजे ४० मायक्रोसेकंद, १००० टाकले की ४० मिलिसेकंद. मिनिटाला ३००० मिलिमीटरने चाललेलं मशीन तेवढ्या वेळात २ मिलिमीटर पुढे गेलेलं असतं. वायरिंगचा आजार सॉफ्टवेअरमध्ये बरा करणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

पायरी ६: रिले, पंप, व्हॅक्यूम

जिथे कॉइल आहे तिथे बंद होताना उलटा झटका येणारच. डीसी रिलेच्या कॉइलवर १एन४००७ डायोड, पट्टीची बाजू प्लसला. एसी कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर १०० ओम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा स्नबर (झटका गिळणारी रेझिस्टर-कॅपॅसिटरची जोडी), कॅपॅसिटर एक्स२ रेटिंगचाच हवा, साधा नाही. तयार पाकिटात मिळतो, टर्मिनलमध्ये अडकवला की झालं.

धूळ ओढायच्या व्हॅक्यूमला कंट्रोलरच्या सॉकेटवर लावू नका, ब्रशची मोटार आहे ती, ब्रशवरच्या ठिणग्यांचा नॉइज लाइनवर येतो. आणि प्लास्टिकच्या पाइपातून एमडीएफचा भुसा वेगाने गेला की स्टॅटिक साठतो आणि मधेच कडकन उडून यूएसबीचं कनेक्शन तुटतं. पाइपातून उघडी तांब्याची तार ओवून अर्थ करा.

पायरी ७: पीसी आणि यूएसबी

यूएसबीमध्ये आयसोलेशन नसतं, पीसी आणि कंट्रोलरचं ग्राउंड थेट जोडलं जातं. केबल मीटर-दीड मीटरची, चांगल्या शिल्डची, दोन्ही टोकांना फेराइट. शक्य असेल तर इथरनेटवाला कंट्रोलरच घ्या, त्यात आयसोलेशन देणारा ट्रान्सफॉर्मर असतोच. नाहीतर एडीयूएम३१६० चा यूएसबी आयसोलेटर मधे टाका, १२ मेगाबिटला चालतो, ग्रबलला भरपूर झाला. कंट्रोलरचं शून्य व्होल्ट (ग्राउंड) अर्थला एकाच ठिकाणी जोडलेलं असावं. डेस्कटॉप पीसी यूएसबीतून ते आधीच जोडत असतो, त्यामुळे पॅनलमध्ये परत दुसरीकडे जोडून लूप बनवू नका.

पायरी ८: एकेक चालू करून बघा

सगळं एकदम चालू करायचा मोह आवरा. आधी फक्त कंट्रोलर आणि सेन्सर, दहा मिनिटं. मग व्हीएफडीला पॉवर, स्पिंडल बंद. मग स्पिंडल १०० हर्ट्झपासून ४०० पर्यंत टप्प्याटप्प्याने, म्हणजे ६,००० पासून २४,००० आरपीएमपर्यंत, अ‍ॅक्सिस स्थिर, आणि नजर ऑप्टो बोर्डाच्या एलईडीवर. वॉटर कूल्ड आहे, पंप आधी चालू करा. एलईडी मिणमिणला की कोणत्या केबलचा दोष ते लगेच कळतं, त्या सेन्सरची वायर कंट्रोलरच्या टोकाला काढून स्विचची दोन टर्मिनल जागेवरच शॉर्ट करा (एनपीएन सेन्सर असेल तर सिग्नल आणि शून्य व्होल्ट, २४ व्होल्टचं टर्मिनल नाही). तरीही मिणमिणला तर दोष पॅनलच्या आत, थांबला तर बाहेरच्या केबलमध्ये.

हे पास झालं की टूलशिवाय स्पिंडल चालू ठेवून अर्धा तास हवेत एखादा जॉब चालवा. जॉबच्या आधी आणि नंतर, स्पिंडल थांबवून, त्याच कोऑर्डिनेटला डायल गेज टेकवून रीडिंग घ्या, प्रत्येक अ‍ॅक्सिसला. फरक येत असेल तर तोच जॉब स्पिंडल बंद ठेवून परत. बंद असताना फरक नाही आणि चालू असताना आहे, तर स्टेपचे सिग्नल. दोन्ही वेळा आहे, तर मेकॅनिकल किंवा अ‍ॅक्सेलरेशन जास्त, नॉइजला दोष देऊ नका.

घरात मीडियम वेव्हचा जुना ट्रान्झिस्टर पडला असेल तर स्टेशन नसलेल्या जागी लावून स्पिंडलच्या केबलपाशी न्या. जिथे घुरघुर सगळ्यात मोठी, तिथल्या शिल्डचा क्लँप आधी तपासा. ऑसिलोस्कोप असेल तर त्याची ग्राउंड क्लिप व्हीएफडीच्या आउटपुटला चुकूनही लावायची नाही, स्कोप आणि व्हीएफडी दोन्ही जातील आणि तुम्हालाही धोका आहे.

हे सगळं स्पिंडलवाल्या राउटरचं झालं. प्लाझ्मा टेबल करणार असाल तर प्लाझ्माचा पॉवर सोर्स घेतानाच हाय फ्रीक्वेन्सी स्टार्टचा (जोरदार ठिणगीने आर्क पेटवणारा) टाळून ब्लोबॅक स्टार्टचा (हवेच्या दाबाने इलेक्ट्रोड सुटा करून पेटवणारा) घ्या, नाहीतर वरचं सगळं करूनही आर्क पेटताना कंट्रोलर लटकायची शक्यता राहतेच.